'पिक अप'चे अर्थ किती? फोन, पिकअप गाडी आणि आपली उचल

बसमध्ये असाल, मेसच्या लाइनीत असाल, नाहीतर अभ्यास सोडून गच्चीवर बसला असाल, कुठंही असा, कान इकडं द्या. आजचा विषय दोन छोट्या शब्दांचा आहे. 'पिक' आणि 'अप'. दोन्ही शब्द तुम्हाला पाचवीपासून माहीत आहेत. पिक म्हणजे निवडणं किंवा तोडणं, अप म्हणजे वर. पण दोन्ही जोडले की अर्थ भलतीकडंच जातो. असं का होतं आणि त्याचं करायचं काय, हे आज बघू.

इंग्रजीत अशा जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. साधं क्रियापद, त्याला अप, ऑफ, आउट, ऑन असं शेपूट. गिव्ह अप, टेक ऑफ, फाइंड आउट वगैरे. ही संज्ञा छापील पुस्तकात रुळली ती लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या एका पुस्तकामुळं. म्हणजे नाव नवं आहे, पण अशा जोड्या इंग्रज लोक त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून बोलायलेत.

आता आपल्याकडं यांचा अभ्यास कसा होतो? गाइडमध्ये तक्ता असतो. डावीकडं 'पिक अप', उजवीकडं दहा अर्थ. ते पाठ करायचे. लातूरच्या ट्यूशन एरियात नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर-श्रीनगर भागात राहून ज्यांनी बारावी केली, त्यांना पाठांतर काय असतं हे मी सांगायची गरज नाही. फिजिक्सचे फॉर्म्युले पाठ होतात, ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन पाठ होतात, तसे हे अर्थही होतात. पण समोरचा माणूस बोलतो तेव्हा तक्ता उघडायला वेळ नसतो. तो बोलून मोकळा होतो आणि आपण दहा अर्थांतला कोणता लावायचा म्हणून अडकून बसतो.

याचा फटका कसा बसतो, ते सांगतो. माझा एक मित्र आहे, मुखेडकडचा. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, कोडिंगमध्ये एकदम पक्का. शुक्रवारी संध्याकाळी परदेशातल्या क्लायंटसोबत कॉल होता. चर्चा अर्धवट राहिली आणि क्लायंट म्हणाला, 'लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.' मित्रानं हिशेब लावला, पिक अप म्हणजे घेऊन जाणं. कुरिअरवाला पार्सल पिकअप करतो तसं. म्हणजे हे लोक सोमवारी काम घ्यायला येणार आणि तोवर काम तयार पाहिजे. त्यानं पोळ्यासाठी गावाकडं जायचं तिकीट काढलेलं होतं, ते कॅन्सल केलं. शनिवार-रविवार रूमवर बसून काम संपवलं. सोमवारी क्लायंट कॉलवर आला आणि म्हणाला, चला, शुक्रवारी आपण कुठं थांबलो होतो?

'लेट्स पिक धिस अप ऑन मंडे' म्हणजे एवढंच, की आता थांबू आणि सोमवारी इथूनच पुढं सुरू करू. मित्राला तिन्ही शब्द येत होते. पिक येत होता, अप येत होता, मंडे तर येतच होता. तरी पोळा गेला.

म्हणून आज तक्ता बाजूला ठेवू आणि एक चित्र डोळ्यासमोर आणू. काहीतरी खाली पडलंय, किंवा थांबलंय. कुणीतरी वाकून ते हातात घेतं. आता ते जमिनीवर नाही, तुमच्याकडं आहे, आणि पुढं जाऊ शकतं. 'पिक अप'चं मूळ चित्र हेच. बहुतेक अर्थ याच चित्रातून निघतात. क्लायंटनं काय केलं? विषय शुक्रवारी खाली ठेवला, सोमवारी परत हातात घ्यायचा म्हणाला. बस्स.

आणि आपल्यासाठी चांगली बातमी अशी, की या चित्रासाठी मराठीत एक जुना, दणकट शब्द आहे. उचलणं. तो कुठं कुठं 'पिक अप'सोबत जुळतो ते बघा.

पहिलं, फोन. 'पिक अप द फोन' म्हणजे फोन उचल. पूर्वी फोनचा रिसीव्हर आडवा ठेवलेला असायचा, तो खरोखर हातानं उचलावा लागायचा. आता आपण काचेवर बोट सरकवतो, पण शब्द तोच राहिला. इंग्रजीतही आणि मराठीतही. देगलूर, बिलोलीच्या पलीकडं तेलंगणात गेलात, तर लोक 'फोन लिफ्ट कर' म्हणतात. तिथंही चित्र तेच, फक्त शब्द वेगळा. पण बाहेरच्या देशातल्या माणसाशी बोलताना 'लिफ्ट'पेक्षा 'पिक अप' किंवा 'आन्सर' म्हणा, त्याला पटकन कळेल.

दुसरं, पोलीस. 'द पोलीस पिक्ट हिम अप.' आपण काय म्हणतो? पोलिसांनी उचललं. आता यात एक बारकावा आहे आणि तो दोन्ही भाषांत सारखाच आहे. उचललं म्हणजे अटक दाखवली, असं होत नाही. चौकशीला नेलं असेल, अटक झाली असेल, सोडूनही दिलं असेल. 'अरेस्ट' हा कायद्याचा शब्द आहे, 'पिक अप' हा रस्त्यावरचा. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा. फॉरवर्ड करताना तर जास्तच.

तिसरं, खर्च. 'ही पिक्ट अप द बिल.' हॉटेलात बिल टेबलावर पडलंय, सगळे इकडंतिकडं बघायलेत, आणि एकानं ते हातात घेतलं. आपणही म्हणतो, पोरीच्या शिक्षणाचा सगळा खर्च मामानं उचलला.

इथं एक मिनिट थांबू. कारण आपल्या मराठवाड्यात 'उचल' हा शब्द पैशाच्या बाबतीत उलट्या दिशेनंही चालतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले कुणी ऐकत असाल तर तुम्हाला माहीतच आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी मुकादम जोडप्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर उचल. मग कारखान्यावर जाऊन ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या सीझनवर जाते. म्हणजे मामानं खर्च उचलला यात पैसे मामाच्या खिशातून गेले. कोयत्यानं उचल घेतली यात पैसे हातात आले, पण घाम आधीच विकला गेला. ही उचल इंग्रजीत सांगायची वेळ आली तर 'पिकअप' म्हणू नका. 'अ‍ॅडव्हान्स' म्हणा, आणि तो कामानं फेडावा लागतो हे वेगळ्या वाक्यात सांगा. कारण नुसत्या 'अ‍ॅडव्हान्स'नं समोरच्याला वाटेल की पगारातून आधी मिळालेले चार पैसे आहेत. कुठं शब्द जुळतो हे जसं कळायला पाहिजे, तसं कुठं जुळत नाही हेही कळायला पाहिजे.

चौथं, बाजार. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा भाव पडून राहिला आणि मग वर सरकायला लागला, तर आपण म्हणतो भावानं उचल खाल्ली. इंग्रजीत, 'प्राइसेस पिक्ट अप.' दिवाळीत कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं, 'सेल्स पिक्ट अप.' पण जरा सांभाळून. मराठीत दुखणंही उचल खातं. जुन्या संधिवातानं परत उचल खाल्ली, म्हणजे त्रास वाढला. इंग्रजीत 'हिज हेल्थ पिक्ट अप' म्हटलं तर नेमकं उलट, तब्येत सुधारली. मराठीत आजार उठतो, इंग्रजीत माणूस उठतो. ऑफिसात कुणी आईच्या तब्येतीबद्दल असं सांगितलं, तर 'सॉरी' म्हणू नका. 'ग्रेट' म्हणा.

इथपर्यंत आपलं 'उचलणं' बऱ्यापैकी पुरलं. आता जिथं ते पुरत नाही तिकडं जाऊ. तिथं मराठीत दुसरी क्रियापदं लागतात. तीन लक्षात ठेवा. घेणं, लागणं, पकडणं.

घेणं. 'आय विल पिक यू अप ॲट सिक्स' म्हणजे मी सहाला तुला घ्यायला येतो. उचलायला येतो म्हणालात तर ऐकणारा घाबरेल. 'पिक अप सम मिल्क' म्हणजे येताना दूध घेऊन ये. इथंही दुकानातून दूध उचलून आणलं म्हटलं तर मराठीत उचलेगिरीचा वास येतो. गाडीनं वेग घेतला, 'द बस पिक्ट अप स्पीड.' आपल्याकडचं एक मोठं उदाहरण म्हणजे २०१६ची पाण्याची रेल्वे. त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून 'जलदूत' आली. पहिल्या फेरीत १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर पाणी. इंग्रजीत सांगायचं तर, 'द ट्रेन पिक्ट अप वॉटर ॲट मिरज अँड ब्रॉट इट टू लातूर.' गाडीनं मिरजेत पाणी घेतलं आणि लातूरला आणलं.

लागणं. 'ही पिक्ट अप अ बॅड हॅबिट' म्हणजे त्याला वाईट सवय लागली. 'शी पिक्ट अप अ कोल्ड' म्हणजे तिला सर्दी झाली, कुणाची तरी लागली. गंमत बघा, इंग्रजीत सवय माणसानं उचललेली असते. मराठीत सवय माणसाला लागते, जणू त्याचा काही संबंधच नाही. तंबाखू खाणाऱ्या कुणालाही विचारा, तो 'लागली' असंच सांगतो.

पकडणं. 'द माइक पिक्ट अप द फॅन नॉइझ' म्हणजे माइकनं पंख्याचा आवाज पकडला. हे वाक्य मी आता इथंच तयार केलंय, कारण रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद करून बसलोय आणि घाम निघालाय. फोननं रेंज पकडली, कुत्र्यानं वास पकडला, सगळीकडं 'पिक अप'. त्याच्या पुढं 'ऑन' लावलं, 'पिक अप ऑन', की अर्थ होतो बारीक गोष्ट हेरणं. समोरचा काही बोलला नाही, पण नाराज आहे हे तुम्ही हेरलं, तर 'आय पिक्ट अप ऑन दॅट.'

एक अर्थ राहिला, तो जरा जड आहे. 'पिक युवरसेल्फ अप' म्हणजे स्वतःला सावरणं, पडून परत उभं राहणं. आणि 'पिक अप द पीसेस' म्हणजे शब्दशः तुकडे गोळा करणं, पण अर्थ असा की सगळं मोडल्यावर परत आयुष्य जुळवणं. हे सांगायला आपल्याला परदेशी उदाहरण लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, हजारो माणसं गेली. जे वाचले त्यांनी आधी खरोखरचे दगड उचलले, आणि मग नव्या जागेवर नव्यानं संसार मांडला. 'पिक अप द पीसेस'चे दोन्ही अर्थ एकाच गावात, एकाच वेळी. त्या भागातले म्हातारे लोक हे इंग्रजी वाक्य म्हणणार नाहीत, पण त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळतो?

आता थोडं बोलण्यातलं व्याकरण. घाबरू नका, दोनच गोष्टी आहेत.

पहिली, 'अप' कुठं ठेवायचं. 'पिक अप द फोन' चालतं, 'पिक द फोन अप' पण चालतं. पण फोनच्या जागी 'इट' आलं, किंवा हिम, हर, मी, यू आलं, तर ते मधेच बसतं. 'पिक इट अप.' 'पिक मी अप.' 'पिक अप इट' चूक. आणि 'अप' खाऊन टाकू नका. आपल्याकडं सर्रास म्हणतात, 'आय विल पिक यू फ्रॉम स्टेशन.' आपल्याला कळतं. पण बाहेरच्याला वाटतं, स्टेशनवर बरेच लोक उभे आहेत आणि हा त्यातून मला निवडणार आहे. 'अप' दोन अक्षरांचं आहे, बोलून टाका.

दुसरी, ते ऐकू कसं येतं. कागदावर तीन शब्द असतात, पिक, इट, अप. तोंडातून एकच निघतो, 'पिकिटप'. 'पिक्ड अप' ऐकू येतं 'पिक्टप' असं. तुम्ही तीन शब्दांची वाट बघत असाल तर ते निघून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. सबटायटल बंद करून एक सीन परत परत ऐका आणि फक्त 'पिकिटप' शोधा. आणि आपण एकत्र लिहितो तो 'पिकअप', म्हणजे बोलेरो पिकअप, बाइकचा पिकअप, ट्रॅव्हल्सचा पिकअप पॉइंट, हे सगळं नाम आहे. त्यात जोर 'पिक'वर येतो. क्रियापदात जोर 'अप'वर जातो. 'दॅट्स अ पिकअप', पण 'पिक इट अप'. एकदा मोठ्यानं म्हणून बघा, शेजारचा बघेल, बघू द्या.

ऑफिसात नवीन लागणाऱ्यांसाठी तीन वाक्यं सांगतो, रोज कानावर येतील. 'कॅन समवन पिक अप धिस टिकेट?' म्हणजे हे काम कुणी अंगावर घेईल का. इथं टिकेट म्हणजे बसचं नाही, यादीत नोंदवलेलं काम. 'आय विल पिक इट अप' म्हणजे मी करतो, आणि एकदा म्हणालात की ते तुमचं झालं. आणि 'लेट्स पिक धिस अप टुमारो' म्हणजे आता बंद, उद्या इथूनच पुढं. शंका आली तर विचारा, 'डू यू मीन वी विल कंटिन्यू टुमारो?' म्हणजे उद्या पुढं चालू करायचं, असं म्हणायचंय का? एवढं विचारल्यानं कुणी तुम्हाला कमी समजत नाही. माझ्या मित्रानं हे एक वाक्य विचारलं असतं, तर त्या वर्षी तो बैलांसमोर असता.

शेवटचा अर्थ मी मुद्दाम मागं ठेवला. 'शी पिक्ट अप तेलुगू इन देगलूर.' देगलूरला राहून ती तेलुगू शिकली. क्लास लावला नाही, पुस्तक घेतलं नाही, परीक्षा दिली नाही. बाजारात, बसस्टँडवर, शेजारी ऐकत ऐकत आली. इंग्रजीत भाषा अशी पिक अप करता येते. मराठीत आपण म्हणतो, कानावर पडून पडून आली. इंग्रजीतला माणूस ती उचलतो, मराठीत ती आपल्यावर पडते. दोन्ही खरंच आहे. आधी पडावी लागते, मग उचलावी लागते.

आणि हे आपल्या भागाला नवीन नाही. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत चालायचा. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही कचेरीच्या कामापुरती उर्दू समजून घ्यायची. आजही धर्माबाद, बिलोलीकडं तेलुगू आहे, उदगीर, निलंग्याकडं कन्नड आहे, गल्लीत दखनी आहे, आणि नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी कानावर पडते. घरातली एखादी आजी तीन भाषांत भाजीचा भाव करते आणि आपण तिला अडाणी म्हणतो. तिनं एकाही भाषेचा तक्ता पाठ केलेला नाही. चुकत बोलली, समोरचा हसला, परत बोलली.

आपण इंग्रजीच्या बाबतीत मात्र उलटं करतो. आधी सगळं पाठ करू, एकही चूक होणार नाही असं झालं की मग तोंड उघडू. ते कधी होत नाही. लातूर पॅटर्ननं मार्क मिळतात, त्याला मी नावं ठेवत नाही, कितीतरी घरं त्यानं वर आली. पण बोलायची भाषा पाठांतरानं येत नाही. ती उचलावी लागते, वाकून, एकेक तुकडा.

तर या आठवड्याचं काम. रोज एक 'पिक अप' पकडा. सिनेमात, रीलमध्ये, मीटिंगमध्ये, कुठंही. आणि स्वतःला एवढंच विचारा, काय खाली होतं आणि कुणी हातात घेतलं? उत्तर मिळालं की अर्थ मिळाला. मग मराठीत सांगून बघा, उचललं, घेतलं, लागलं की पकडलं. सापडलेलं भारी वाक्य व्हॉइस नोट करून पाठवा, इंग्रजी तुटकं असलं तरी चालेल.

आणि हो, घरून फोन आला तर उचला. तुम्ही कामात आहात हे मायला माहीत असतं, तरी ती लावते.

पुढच्या भागात 'पुट ऑफ' आणि 'टर्न ऑफ' घेऊ. चला, आता मी पंखा लावतो. राम राम.